आपला मसाला, आखाताची चूल



दुबई, अबू धाबी, शारजा इथे नोकरीधंद्यासाठी स्थायिक झालेल्या घरांतून आणि इस्राएलहून मुंबईला जाता-येता दुबईत थांबणाऱ्या नातलगांकडून आमच्या कानावर एक तक्रार नेहमी येते. मुलं म्हणतात, "भारतीय जेवण जड असतं. तेल फार, तिखट फार." डॉक्टर म्हणतात, साखर आणि मीठ कमी करा. मग घरातला मसाल्याचा डबा मागे सरकतो आणि पुढे येते पाकिटातली भाजी नाहीतर बाहेरून मागवलेलं जेवण. त्यात तेलही जास्त असतं आणि मीठही.

आमचं म्हणणं असं की मुलांना जे जड लागतं ते हॉटेलातलं जेवण. ते आपलं नाही. बेने इस्राएल स्वयंपाकघरात मसाला दुसऱ्याच कामाला होता. आपल्या बायकांनी पातेल्यातून ज्या वस्तू बाहेर ठेवल्या, त्यांची जागा मसाल्याने भरून काढली. हे कसं घडलं आणि आज संयुक्त अरब अमिरातींत राहून ते रोज कसं करता येईल, ते या लेखात सांगतो.

माशांची परीक्षा

डेव्हिड राहाबींची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. कोकणात आलेल्या या पाहुण्याला शनिवारी काम न करणारे, मुलांची सुंता करणारे तेली लोक भेटले. हे यहुदी आहेत की काय, याची त्याला खात्री करायची होती. त्याने बायकांना निरनिराळे मासे एकत्र दिले आणि शिजवायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला काढले आणि हे आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. राहाबींची ओळख पटली.

हे राहाबी नेमके कधी आले, यावर एकमत नाही. कोणी त्यांना हजार वर्षांमागे नेतं, तर कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातले मानतं. त्या घराण्यातल्या येहेझ्केल राहाबींनी १७६८ साली धाडलेल्या पत्रात मराठी मुलखातल्या आपल्या लोकांचा उल्लेख आहे. हे लोक तेल काढतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात, असं ते सांगतात.

तारीख कोणतीही धरा, गोष्टीचा मुद्दा बदलत नाही. हिब्रू विसरली होती, तोरा हाताशी नव्हती, तरी चुलीपाशी बसलेल्या बाईला काय वगळायचं ते ठाऊक होतं. आपली ओळख ग्रंथाच्या आधी स्वयंपाकघरात सापडली.

सणांची नावं पातेल्यांवरून

आपल्या जुन्या सणांची नावं पाहिली तर हेच दिसतं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात ही नावं नोंदलेली आहेत. रोश हशाना हा नव्याचा सण. त्यानंतर नव्या तांदळाच्या खिरीचा सण. पेसाहला आपले लोक "अनाशी ढाकाचा सण" म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवणाचं भांडं, आणि त्या सणाला ते झाकून ठेवायचं. पेसाहचा सगळा अर्थ विसरला तरी आंबवलेल्या पदार्थाचं भांडं बंद करायचं एवढं लक्षात राहिलं.

आणि तिशा बे-आव म्हणजे बिरड्याचा सण. बेथ हमिक्दाशच्या नाशाचं दुःख आपल्या लोकांनी मोड आलेल्या वालांच्या उसळीने पाळलं. पानावर मटण नाही, गोड नाही, फक्त केळीच्या पानावर बिरडं. दुःखाच्या दिवसाचं हे जेवण आज आहारतज्ज्ञ रोज खायला सांगतात: मोड आलेलं कडधान्य, थोडं खोबरं, आमसूल आणि चिमूटभर मसाला.

मसाल्याने कोणती जागा भरली

कश्रुतचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मांस आणि दूध एकत्र नाही. उत्तर भारतीय पद्धतीच्या मटणात दही, साय, लोणी, तूप घालतात, आणि त्याने रस्सा दाट व गुळगुळीत होतो. आपल्याकडे ती सोयच नव्हती. मग दाटपणासाठी नारळाचं दूध आलं, आंबटपणासाठी कोकम आणि चिंच, आणि वासासाठी कोथिंबीर, लसूण, आलं, जिरे. जेवणानंतरचं गोडही मटणाबरोबर चालायला हवं. म्हणून गव्हाच्या चिकाचा किंवा चायना ग्रासचा हलवा नारळाच्या दुधात होतो.

आपण तेली होतो, शनवार तेली. घाण्यावर तेल काढणाऱ्याला तेलाची किंमत कळते, कारण ते विकून घर चालतं. कोकणातल्या साध्या घरात तेल पळीने मोजून फोडणीत पडायचं. चव आणायची ती फोडणीतल्या जिऱ्याने, लसणाने, हिंगाने, म्हणजे थोड्या तेलात वास उतरवून. आजचं आहारशास्त्र हेच सांगतं: तेल आणि मीठ कमी करायचं असेल तर मसाला, आंबट आणि ताजी पानं वाढवा. आपल्याकडे ही गोष्ट धर्माच्या आणि गरिबीच्या बंधनातून आली. म्हणून तिला कोणी आरोग्य म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आपल्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर आपली सात जोडपी वाचली, तेव्हा कोकणात मिरची नव्हती. मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांवर आली, म्हणजे १४९८ नंतर. बटाटा आणि टोमॅटोही त्यानंतरचे. त्याआधी तिखटपणा काळ्या मिरीचा आणि आल्याचा होता. "मिरची" हा शब्दसुद्धा मिरीवरून पडला. तेव्हा तिखट कमी खाणारं नातवंड परंपरा मोडत नाही. ते उलट जास्त जुन्या परंपरेकडे जातंय.

चौल, आखात आणि मोशे बेन मैमोन

आपल्या मसाल्याला आखात नवीन नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात कोकणातलं सेमुल्ला हे बंदर आहे आणि इराणच्या आखाताकडची ओमाना ही पेठही आहे. सेमुल्ला म्हणजे आपलं चौल, रेवदंड्याशेजारचं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. तो या गावाला सैमूर म्हणतो. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन राहिलेले हजारो मुसलमान त्याने पाहिले. आपल्या गावांच्या वेशीवर आखाती व्यापारी घर करून राहत होते. आज आपण त्यांच्या किनाऱ्यावर राहतो, एवढाच फरक.

यहुदी व्यापारीही याच समुद्रात होते. कैरोच्या गेनिझात सापडलेल्या कागदांत अब्राहम बेन यिजू हे नाव येतं. हा मूळचा ट्युनिशियाचा. ११३२ पासून ११४९ पर्यंत तो मंगळूरच्या बाजूला मलबार किनाऱ्यावर राहिला आणि मिरी, वेलदोडे, सुपारी, लोखंड एडनला पाठवत राहिला. त्याच्या पत्रांतून समजतं की मसाला हा त्या काळी रोजच्या हिशेबाचा माल होता. किती पोती, किती भाव, कोणत्या जहाजावर, अशी त्याची नोंद होई.

याच समुद्रात एक जहाज बुडालं आणि त्याची झळ आपल्यापर्यंत पोचली. रामबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, यांचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडून मेला. घराचा पैसाही त्याच्याबरोबर गेला. रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळले, आणि नंतर वैद्यकीवर घर चालवू लागले. आपल्यातल्या काहींनी डेव्हिड राहाबी म्हणजे हाच भाऊ, असंही मानलं. इतिहासाने ते सिद्ध होत नाही, पण आपल्या लोकांना असं वाटावं हेही बोलकं आहे. खुद्द रामबामनी सुमारे १२०० साली फ्रान्समधल्या लुनेल गावच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या यहुद्यांचा उल्लेख केला आहे. त्यांना शब्बाथ आणि सुंता याखेरीज काही माहीत नाही, असा त्याचा आशय.

आता अबू धाबीच्या सादियात बेटाकडे या. तिथे २०२३ साली अब्राहमिक फॅमिली हाऊस उघडलं. एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग. सिनेगॉगचं नाव मोशे बेन मैमोन सिनेगॉग. ज्यांनी आपल्याला "फक्त शब्बाथ आणि सुंता" एवढंच दिलं, त्यांच्या नावाच्या सिनेगॉगात आज आपली माणसं शब्बाथला उभी राहू शकतात.

रामबाम वैद्य होते, हे आपल्या विषयात महत्त्वाचं. सलाउद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्यासाठी त्यांनी आरोग्यावर एक पुस्तिका लिहिली. मिश्ने तोरातही खाण्याचे नियम दिले. त्यातला एक सगळ्यांना पाळता येतो: पोट गच्च होईपर्यंत जेवू नका, साधारण चौथा हिस्सा रिकामा ठेवा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या "दोन घास कमी" म्हणायच्या, तेच हे.

खाडीपलीकडचा बाजार

१५ सप्टेंबर २०२० रोजी अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी तेल अवीव ते दुबई नियमित विमानं सुरू झाली. अबू धाबीच्या पर्यटन खात्याने त्याच महिन्यात हॉटेलांना कोशेर जेवणाची सोय ठेवायला सांगितलं. अनेक घरांच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता: लोदचा भाऊ आणि ठाण्याची बहीण मधल्या वाटेवर भेटू शकतात.

भेटल्यावर बाजारात जायचं तर देऱ्यातला मसाल्यांचा बाजार पाहावा. बर दुबईकडून एक दिरहॅम देऊन अब्रा नावेने खाडी ओलांडली की गल्लीच्या तोंडाशीच वास येतो. तिथे दुकानदाराशी बोलायला आपली मराठी-हिब्रू पुरते, ही गंमत मुलांना दाखवण्यासारखी आहे. मिरीला तो फिलफिल म्हणेल. हिब्रूत पिलपेल. दोन्ही आपल्या पिंपळीपासून, संस्कृत पिप्पलीवरून गेले. आल्याला अरबीत झंजबील आणि हिब्रूत झंग्विल, मूळ संस्कृत शृंगवेर. वेलदोडा तिथे हेल, संस्कृत एला. दालचिनीला आखातात दारसीन म्हणतात, आणि आपला शब्दही फारसी दारचिनीवरून आला. चिंचेला अरब "तमर हिंदी" म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर.

सगळ्यात घरचा शब्द मात्र चहाच्या टपरीवर मिळेल. अमिरातींत गाडी थांबवून लोक जो "करक" पितात तो आपला कडक चहा. वेलदोडा, कधी केशर, आणि डब्यातलं आटवलेलं दूध. वेलदोडा उत्तम आहे, पण साखरेकडे पाहा. दिवसाला तीन-चार करक घेतले तर जेवणातली वाचवलेली साखर तिथे भरून निघते. आखाती देशांत मधुमेह फार आहे. म्हणूनच अमिरातींनी २०१७ मध्ये गोड सोडापेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर बसवला आणि २०१९ च्या अखेरीस साखर घातलेल्या इतर पेयांनाही तो लावला. घरी करक करायचा तर वेलदोडा दुप्पट घाला, साखर निम्मी करा. वासामुळे जिभेला गोडी जास्त भासते.

स्थानिक अमिराती घरांत "बझार" नावाचा मसाला असतो. जिरे, धणे, मिरी, दालचिनी, हळद, मिरची असा त्याचा ऐवज. आपल्या गरम मसाल्याचा चुलतभाऊच. आणि "लूमी" म्हणजे वाळवलेलं लिंबू. कोकम संपलं असेल तर वरणात एक लूमी भोकं पाडून सोडावी. बिया काढल्या तर कडू होत नाही. आंबट आलं की मीठ आपोआप कमी लागतं.

रोजच्या चुलीवर

आता प्रत्यक्ष स्वयंपाक. चार माणसांचा अंदाज देतो.

बिरडं: एक वाटी कडवे वाल रात्रभर भिजत घाला. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. आखाती उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, एसीच्या खोलीत थोडा जास्त वेळ द्या. मग कोमट पाण्यात टाकून सालं काढा. हे काम मुलांना द्या, त्यांना दाणा चिमटीतून उडवायला आवडतं. दोन चमचे तेलात जिरे, चिमूट हिंग, अर्धा चमचा हळद, दोन हिरव्या मिरच्या आणि ठेचलेला लसूण. त्यात वाल आणि पाणी घालून नीट मऊ शिजवा, कच्चे ठेवू नका. शेवटी चार आमसुलं, दोन मोठे चमचे खोबरं, सुपारीएवढा गूळ. गरम भाकरीबरोबर हे संपूर्ण जेवण आहे. तिशा बे-आवच्या उपासाआधी करायचं असेल तर मिरची आणि मीठ हाताने कमी करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि खारट-तिखट खाल्लं तर तहान लागते.

हिरव्या मसाल्याचा मासा: सुरमई अमिरातींत "कनद" नावाने मिळते. अर्धा किलो घ्या. वाटीभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, सहा लसूणपाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा जिरे यांचं वाटण करा. एक चमचा तेलावर वाटण परता, अर्धा चमचा हळद घाला, मग नारळाचं पातळ दूध. उकळी आली की मासा सोडा. आठ-दहा मिनिटांत होतो. शेवटी लिंबू. नारळाच्या दाट दुधात स्निग्धांश बराच असतो. म्हणून रोज पातळ दूध वापरावं आणि दाट दूध सणासाठी ठेवावं. कोळंबी, खेकडा, शिंपल्या बाजारात कितीही ताज्या दिसल्या तरी राहाबींची परीक्षा लक्षात असू द्या.

संध्याकाळचं खाणं: मुलं शाळेतून येतात तेव्हा घरात वेफर्सच्या पिशवीऐवजी एखादा डबा भरलेला हवा. भाजके चणे गरम कढईत चमचाभर तेल, जिरेपूड, मिरपूड आणि आमचूर यांवर दोन मिनिटं हलवले की झाले. पातळ पोहे कोरडे भाजून त्यात कढीपत्ता, हळद, तीळ आणि थोडे शेंगदाणे घातले की तळणीशिवाय चिवडा होतो. काकडीवर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू एवढंही चालतं. जिरे नेहमी भाजून मगच कुटा. वास दुप्पट होतो आणि मीठ निम्म्यावर येतं.

मलिदा: एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण मलिदा करतो. नवस असो, लग्न असो, किंवा तू बिश्वातला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाणं असो. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी आपली श्रद्धा. तो मलिदा आहे तसाच राहू द्यावा. त्यातल्या साखरेचा हिशेब मांडू नये, तो वर्षातून मोजक्या वेळा येतो. पण त्याच साहित्याची एक रोजची न्याहारी होते. दोन वाट्या जाडे पोहे धुऊन निथळा, अर्धी वाटी ओलं खोबरं, सहा-सात खजुरांचे बारीक तुकडे, थोडे बदाम, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, किंचित जायफळ. साखर नको. खजुरातही साखर असतेच, पण तिच्याबरोबर चोथा येतो आणि पोट भरतं. मलिद्याच्या ताटात खजूर पहिल्यापासून आहे आणि अमिरातींत तो जितका चांगला मिळतो तितका क्वचितच कुठे मिळेल.

चार गोष्टी जपून

मसाल्याच्या नावाने आज बरंच विकलं जातं. म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

हळद औषध नाही. हळदीतला कर्क्युमिन हा घटक शरीरात फारच थोडा शोषला जातो. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरीनबरोबर तो माणसात वीस पटींनी जास्त शोषला जातो. ते प्रमाण मात्र दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनचं होतं. चमचाभर हळदीत त्याचा अगदी छोटा अंश असतो. तेव्हा भाजीत हळदीबरोबर मिरी घाला, ती आपली जुनी जोडी आहे. पण गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारा. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

दालचिनी दोन प्रकारची असते. जाड, एकाच कडक सालीची ती कॅशिया. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी ती श्रीलंकेची. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते रोज जास्त पोटात जाणं यकृताला बरं नाही. भाजीत एखादा तुकडा चालतो. पण रोज सकाळी चमचाभर पूड घेणार असाल तर श्रीलंकेची घ्या.

मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चमचाभराहून कमी. तयार मसाल्यांत पुष्कळदा मीठ आधीच असतं, आणि वरून आपण पुन्हा घालतो.

आणि कश्रुत. अख्खे सुके मसाले साधारणपणे अडचणीचे नसतात. दळलेल्या मिश्रणात मात्र पीठ किंवा इतर पदार्थ असू शकतात. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून पेसाहला तो चालत नाही. अनास झाकणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे सांगावं लागलं नसतं. शंका असेल तर आपल्या रब्बींना विचारावं. अख्खे मसाले आणून घरी दळले तर आरोग्य आणि कश्रुत दोन्ही एकाच कामात साधतात.

काय पुढे जाणार

कोकणात मसाला उन्हाळ्यात व्हायचा. वर्षाच्या मिरच्या, धणे, हळकुंडं अंगणात वाळायची आणि कांडपाला बायका एकत्र यायच्या. कोणाच्या मसाल्यात किती बडीशेप, किती खसखस, हे कागदावर नव्हतं, ते हातात होतं. आपली माणसं मुंबईहून इस्राएलला गेली तेव्हा दिमोना, लोद, अश्दोदच्या घरांत तो हात बरोबर गेला. पुढच्या पिढीत तो तितक्या सहज जाणार नाही. आखातातल्या फ्लॅटमध्ये अंगण नाही, शेजारची मावशी नाही, आणि अन्न दहा मिनिटांत दारात येतं.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरात वडीलधारं माणूस असेल तर या महिन्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी वजनाने लिहून घ्या: वर्षाच्या मसाल्याचं प्रमाण आणि बिरड्याची कृती. "अंदाजाने" म्हणाले तर त्यांच्या मुठीखाली वजनकाटा ठेवा. आणि प्रत्येक कृतीखाली एक ओळ जास्त लिहा: आपल्या घरात यात काय घालत नाहीत, आणि का. मासे वेगळे काढणाऱ्या त्या बायकांकडे सांगायला एवढंच होतं, आणि त्यावरून आपली ओळख पटली. नातवंडांना कृती इंटरनेटवर हजार मिळतील. ती एक ओळ मात्र घरातूनच मिळेल.

आपल्या घरचं प्रमाण वेगळं असेल तर आम्हाला जरूर लिहून पाठवा. सर्वांना शब्बाथ शालोम.